मिल हिलचे श्वान-आवार : डिस्टेंपरच्या साथीचे नियंत्रण आणि विलगीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या संसर्गजन्य विषाणुजन्य रोगाचा इतिहास सामान्यतः लसीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९०५ मध्ये फ्रान्समधील आंरी कार्रे यांनी रोगाचे कारण गाळणीतून पार होणारा विषाणू असल्याचे दाखविले, १९२८ पर्यंत इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी उपयुक्त लस तयार केली आणि पुढे १९५० च्या दशकात जिवंत परंतु दुर्बल केलेल्या विषाणूच्या लसी प्रचारात आल्या, असा क्रम पाठ्यपुस्तकांतून आढळतो. हा क्रम चुकीचा नाही. मात्र त्यात एक महत्त्वाची बाब दृष्टीआड होते. लस तयार होण्यापूर्वी, किंबहुना ती तयार होऊ शकते की नाही हे ठरविण्यापूर्वी, ज्या कुत्र्यांना या रोगाचा कधीही स्पर्श झालेला नाही अशा कुत्र्यांची वसाहत उभी करणे आणि ती वर्षानुवर्षे रोगमुक्त राखणे आवश्यक होते. त्या काळात ही गोष्ट लस तयार करण्याइतकीच कठीण होती. प्रस्तुत लेखात लंडनच्या उत्तर सीमेवरील मिल हिल येथे १९२० च्या दशकात उभारलेल्या अशा वसाहतीचा, तिच्यामागील कारणांचा आणि पुढील काळात तिच्या कार्यपद्धतीचे काय झाले याचा विचार केला आहे.

मराठी वाचकाला डिस्टेंपर हा शब्द भिंतीच्या रंगामुळे अधिक परिचित आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असून ते मिश्रण आणि समतोल या कल्पनांशी निगडित आहे. शरीरातील द्रवांचा समतोल ढळला की रोग होतो, या जुन्या युरोपीय समजुतीतून रोगाला हे नाव मिळाले. आयुर्वेदातील दोषवैषम्याच्या कल्पनेशी तिचे साम्य सहज लक्षात येते. रोगाचा विषाणू मात्र आपल्याकडे अपरिचित नसलेल्या कुळातील आहे. माणसांतील गोवर आणि गुरांतील बुळकांडी या रोगांचे विषाणू त्याचे निकटचे आप्त होत. यांपैकी बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर करण्यात आले. डिस्टेंपर मात्र आजही टिकून आहे.

रोग आणि श्वानशाळा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग युरोपात मोठ्या प्रमाणावर पसरला. देवीच्या लसीमुळे अजरामर झालेल्या एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगावर एक निबंध सादर केला. बर्कली येथील शिकारी कुत्र्यांच्या निरीक्षणावर आधारलेल्या या निबंधात त्यांनी डिस्टेंपर हा पिसाळण्याच्या रोगाहून वेगळा असल्याचे स्पष्ट केले. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरतो आणि एकदा होऊन गेलेल्या कुत्र्याला सहसा पुन्हा होत नाही, हेही त्यांनी नोंदविले. गायीच्या देवीची लस टोचल्याने कुत्र्यांचे या रोगापासून रक्षण होईल, अशी आशा त्या काळात काहींना होती व तसे प्रयोगही झाले. ती आशा फोल ठरली.

रोगाची लक्षणे अनेकविध आहेत. प्रारंभी ताप येतो, तो एकदोन दिवसांत उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. डोळ्यांतून व नाकातून स्राव, खोकला, हगवण, क्षीणता अशी लक्षणे दिसतात. काही कुत्रे बरे झाल्यासारखे वाटतात आणि काही आठवड्यांनी त्यांना झटके येऊ लागतात किंवा त्यांचे स्नायू सतत उडत राहतात. पहिला ताप इतका सौम्य असू शकतो की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु लक्षणे ठळक होण्यापूर्वीच रोगी कुत्रा श्वासावाटे विषाणू बाहेर टाकू लागतो. आजारी कुत्रा ओळखून त्याला बाजूला काढण्याची पद्धत अनेकदा का अपयशी ठरे, याचे उत्तर या एका वस्तुस्थितीत आहे. श्वानपालकाच्या दृष्टीस रोग पडेपर्यंत शेजारच्या पिल्लांना त्याची बाधा होऊन गेलेली असे.

इंग्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या हाउंड कुत्र्यांच्या बाबतीत या रोगाला विशेष अनुकूल परिस्थिती होती. तेथील रूढीप्रमाणे दूध तुटलेली पिल्ले आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढविण्यास दिली जात. काही महिने शेतावर मोकळेपणी वाढल्यावर ती मुख्य श्वानशाळेत परत आणली जात. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली, बहुतेक एकाच वयाची आणि रोगप्रतिकारशक्ती नसलेली अनेक पिल्ले एकाच वेळी एका छपराखाली येत. त्यांपैकी एखाद्याने बाहेरून संसर्ग आणला असल्यास साथीला आणखी कशाचीही गरज नसे. मुलांची पहिली शाळा आणि गोवर यांच्या संबंधाशी ही स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे. डिस्टेंपर हे पिल्लांचे अटळ दुखणे असून ते एकदाचे होऊन गेलेले बरे, अशी भावना श्वानपालकांत रुजली होती, ती याच अनुभवामुळे.

कारणाचा वाद

कार्रे यांचा १९०५ चा निष्कर्ष पुढे खरा ठरला असला तरी त्या वेळी तो सर्वमान्य झाला नाही. १९१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिका व स्कॉटलंड येथील संशोधकांनी आजारी कुत्र्यांच्या श्वसनमार्गातून एक जीवाणू वेगळा केला आणि तोच रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. या जीवाणूपासून तयार केलेल्या लसी व सीरम बाजारात आले. त्यांचा लाभ झाल्याचे सांगणारे जितके होते, तितकेच तो न झाल्याचे सांगणारेही होते.

हा वाद वीस वर्षे का मिटला नाही, याचे कारण संशोधकांच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा त्यांच्या प्रयोगांतील कुत्र्यांत शोधणे अधिक उचित ठरेल. प्रयोगासाठी मिळणारे कुत्रे बाहेरून आणलेले असत. त्यांपैकी काहींना पूर्वी रोग होऊन गेलेला असे. त्यांना विषाणू टोचला तरी काही होत नसे आणि प्रयोगकर्त्यास वाटे की टोचलेला द्रव निरुपद्रवी आहे. काही कुत्रे येतानाच संसर्ग घेऊन येत. त्यांना काहीही टोचले तरी ते आजारी पडत आणि टोचलेली वस्तूच रोगाचे कारण ठरे. ज्यांना काहीच टोचले नाही अशी तुलनेसाठी ठेवलेली पिल्लेही आजारी पडू लागली की प्रयोगाचा आधारच कोसळे. ज्या रोगाचा संसर्ग हवेतून इतक्या सहजपणे होतो त्याच्या बाबतीत प्रयोगशाळा ही स्वतःच एक साथग्रस्त श्वानशाळा बनत असे.

निधी, विधेयक आणि जनमत

या कोंडीतून मार्ग निघाला तो विज्ञानाबाहेरील हालचालींमुळे. मैदानी खेळ व शिकार यांना वाहिलेल्या ‘द फील्ड’ या जुन्या इंग्रजी साप्ताहिकाने, सर थिओडोर कुक हे संपादक असताना, १९२३ मध्ये डिस्टेंपर संशोधनासाठी निधी उभारण्यास प्रारंभ केला. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांचे मालक, जातिवंत कुत्र्यांचे पैदासकार आणि सामान्य श्वानप्रेमी यांनी त्याला हातभार लावला. पुढे अमेरिकेतूनही साहाय्य मिळाले. प्रत्यक्ष संशोधनाची जबाबदारी मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी संस्थेने घेतली. कौन्सिलचे सचिव वॉल्टर फ्लेचर यांना या कामात दुहेरी लाभ दिसत होता. विषाणुजन्य रोगांचा अभ्यास तेव्हा बाल्यावस्थेत होता आणि माणसांतील इन्फ्लुएन्झाचे कारण १९१८ च्या महासाथीनंतरही अज्ञात होते. कुत्र्यांचा एक हवेतून पसरणारा रोग नीट उलगडला, तर त्याच वाटेने इन्फ्लुएन्झापर्यंत पोहोचता येईल, अशी अपेक्षा होती.

दुसरा लाभ राजकीय होता. इंग्लंडमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांना १८७६ पासून कायद्याचे बंधन होते व कुत्र्यांसाठी त्यात विशेष तरतुदी होत्या. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागात प्रयोगशाळेत मारल्या गेलेल्या एका तपकिरी कुत्र्याचा पुतळा उभारला गेला; त्यावरून १९०७ मध्ये दंगली झाल्या आणि १९१० मध्ये तो पुतळा हटविण्यात आला. कुत्र्यांवरील प्रयोगांना पूर्ण बंदी घालू पाहणारे विधेयक १९१९ मध्ये संसदेत पराभूत झाले, तरी तशी मागणी पुनःपुन्हा होत राहिली. अशा वातावरणात कुत्र्यांवरील प्रयोग कुत्र्यांच्याच हितासाठी आहेत असे सांगता येणे हे संशोधकांच्या दृष्टीने फार मोलाचे होते. या युक्तिवादात तथ्य होते, तसेच सोयही होती. प्रयोगशाळेत मरणारा कुत्रा आणि लसीमुळे वाचणारा कुत्रा हे एकाच जातीचे असले तरी एकच नव्हते, ही विरोधकांची हरकत शेवटपर्यंत निरुत्तरित राहिली.

मिल हिल येथील आवार

मेडिकल रिसर्च कौन्सिलची मुख्य संशोधन संस्था तेव्हा हॅम्पस्टेड येथे होती आणि मिल हिल येथील शेतजमिनीवर तिची शेत-प्रयोगशाळा होती. तेथील व्यवस्था जॉर्ज डंकिन या पशुवैद्याकडे होती. पॅट्रिक लेडलॉ हे मूळचे वैद्य. हेन्री डेल यांच्यासमवेत हिस्टामिनवर केलेल्या कामामुळे त्यांचे नाव झाले होते. एक पशुवैद्य आणि एक मानववैद्य अशी ही जोडी होती. दोन्ही वैद्यकशाखांमध्ये त्या काळी असलेले अंतर पाहता ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही.

त्यांनी प्रथम श्वानपैदाशीचे स्वतंत्र आवार उभे केले. उंच कुंपणाने वेढलेल्या या आवारात बाहेरचा कुत्रा तर नव्हेच, पण बाहेरचा माणूसही सहजासहजी येऊ शकत नसे. आत जाणाऱ्याने अंगावरचे कपडे बाहेर ठेवायचे, स्नान करायचे आणि आतील कपडे घालायचे, असा दंडक होता. हा दंडक शास्त्रज्ञांनाही लागू होता. रोगी जनावरांची देखभाल आणि निरोगी पिल्लांची देखभाल यांत माणसांची सरमिसळ होऊ द्यावयाची नाही, हे सूत्र कटाक्षाने पाळले गेले. आपल्याकडे सोवळ्याचे कपडे आणि स्नान यांचा संबंध शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेशी जोडला जातो. मिल हिलच्या दारातील स्नानामागील विचार निराळा असला तरी त्याची शिस्त त्याहून सैल नव्हती.

या आवारात जन्मलेल्या व वाढलेल्या पिल्लांचे वैशिष्ट्य असे की त्यांचा संपूर्ण पूर्वेतिहास ज्ञात होता. त्यांना रोग झालेला नव्हता व संसर्गाची संधीही मिळालेली नव्हती. म्हणूनच त्यांपैकी एकाला विषाणू टोचला आणि ते आजारी पडले, तर त्याचा अर्थ निःसंदिग्ध होता. तुलनेसाठी ठेवलेले पिल्लू निरोगी राहिले, तर त्याचाही अर्थ निःसंदिग्ध होता. वीस वर्षांच्या वादात जी गोष्ट कोणालाही खात्रीने सांगता आली नव्हती, ती यामुळे सांगता येऊ लागली. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत लेडलॉ व डंकिन यांनी कार्रे यांचा निष्कर्ष पूर्णपणे खरा असल्याचे दाखविले. जीवाणू हा विषाणूने दुर्बल केलेल्या शरीरात मागाहून शिरणारा उपद्रवी होता. मूळ कारण तो नव्हता.

अशा वसाहतीची उभारणी खर्चिक होती आणि पिल्ले वाढण्यास वेळ लागे. प्रत्येक प्रश्नासाठी एक पिल्लू खर्ची घालणे परवडणारे नव्हते. येथे फेरेट हा प्राणी उपयोगी पडला. पाणमांजराच्या कुळातील, दिसण्यात मुंगसाची आठवण करून देणारा हा लहान प्राणी इंग्लंडमध्ये सशांना बिळांतून बाहेर काढण्यासाठी पाळला जाई. फेरेटला डिस्टेंपर होतो, ही गोष्ट त्यांना पाळणाऱ्या लोकांना अनुभवाने माहीत होती. प्रयोगशाळेने ती तपासून पाहिली आणि खरी असल्याचे सिद्ध केले. फेरेटमध्ये रोग सुमारे दहा दिवसांनी प्रकट होई आणि जवळजवळ प्रत्येक वेळी प्राणघातक ठरे. कुत्र्याच्या विषाणूने फेरेट आजारी पडे व फेरेटच्या विषाणूने आवारातील पिल्लू आजारी पडे; दोहोंतील रोग एकच असल्याचा हा पुरावा होता. त्यानंतरच्या अनेक चाचण्या फेरेटवर झाल्या. कुत्र्याला कायद्याने दिलेले विशेष संरक्षण फेरेटला नव्हते आणि त्याच्यासाठी पुतळा उभारण्याचेही कोणाच्या मनात आले नाही.

फेरेटच्या कोठड्यांनाही तीच शिस्त लागू करावी लागली. हा प्राणी या रोगाला इतका वश होता की देखभाल करणाऱ्याच्या हातून वा कपड्यांतून झालेला किंचित संसर्गही संपूर्ण प्रयोगमालिका नष्ट करू शकत होता. एका अर्थी फेरेट हा विलगीकरणाच्या काटेकोरपणाची कसोटीच होता. तो जिवंत राहिला तर व्यवस्था चोख आहे असे मानता येई.

लस आणि तिच्या मर्यादा

१९२८ मध्ये प्रथम फेरेट व नंतर कुत्रे यांच्या प्रतिरक्षणाविषयीचे निबंध प्रसिद्ध झाले. रोगी कुत्र्याच्या प्लीहा आदी अवयवांचा अर्क फॉर्मालिनने निष्क्रिय करून प्रथम टोचायचा आणि एकदोन आठवड्यांनी जिवंत विषाणूची मात्रा द्यायची, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत होती. पहिल्या मात्रेने शरीर काही अंशी सिद्ध होई आणि दुसरीने दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळे. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांत तिच्या चाचण्या झाल्या, परिणाम आशादायक दिसले आणि थोड्याच काळात व्यापारी संस्थांनी लसीचे उत्पादन सुरू केले.

आवारात जे साधले ते बाहेर तितक्या निर्वेधपणे साधले नाही. यामागील कारणे समजण्यास कठीण नाहीत. श्वानपालक लस मागत तो बहुधा साथ दाराशी आल्यावर. ज्या पिल्लाला संसर्ग आधीच झालेला असे ते लस टोचूनही आजारी पडे आणि दोष लसीला दिला जाई. जिवंत विषाणूची मात्रा वाहतुकीत निर्जीव झाली तर संरक्षण अपुरे राही. पहिली मात्रा निष्प्रभ ठरली तर दुसरीच रोग निर्माण करी. शिवाय लस कुत्र्याच्याच अवयवांपासून बनत असल्याने तिच्या निर्मितीसाठीही रोगमुक्त कुत्र्यांची आवश्यकता होती. म्हणजे मिल हिलची भिंत प्रत्येक उत्पादकाला आपल्यापुरती पुन्हा बांधावी लागणार होती. कुत्र्यांना होणारा संसर्गजन्य यकृतदाह हा निराळा विषाणुजन्य रोग असल्याचे स्वीडनमध्ये रूबार्थ यांनी १९४७ मध्ये दाखविले. तोपर्यंत डिस्टेंपर म्हणून गणलेल्या काही आजारांचे निदानही मुळातच चुकीचे असणे शक्य होते.

पुढील प्रगती अन्य मार्गांनी झाली. अमेरिकेत ग्रीन यांनी १९३९ मध्ये फेरेटमध्ये वारंवार संक्रमित करून कुत्र्यांसाठी सौम्य बनविलेला विषाणू पुढे आणला. १९४० च्या दशकाअखेर कोंबडीच्या गर्भात वाढविलेला विषाणू उपलब्ध झाला. त्यानंतर पेशीसंवर्धनावर आधारलेल्या लसी आल्या आणि लस बनविण्यासाठी कुत्रा मारण्याची गरज संपली.

आवाराचे दुसरे फलित

१९३३ च्या प्रारंभी लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील धुवण गाळून निरनिराळ्या प्राण्यांना दिले. फेरेट आजारी पडले. त्यांना ताप आला, नाक वाहू लागले, शिंका येऊ लागल्या. ज्यांच्या घशातील धुवणाने हे यश मिळाले, त्यांत त्या वेळी स्वतः आजारी असलेले अँड्र्यूजही होते. आजारी फेरेट निरोगी फेरेटला हा रोग देत होते. अशा स्थितीत डिस्टेंपरसाठी घडविलेली विलगीकरणाची पद्धत नसती, तर निष्कर्ष काढणे अशक्य झाले असते. रबरी बूट, लांब कोट आणि जंतुनाशकाने पुसणे हा नित्यक्रम होता. डिस्टेंपरपासून सुरक्षित झालेल्या फेरेटलाही इन्फ्लुएन्झा होतो, हे दाखवून दोन्ही विषाणू वेगळे असल्याचे सिद्ध करण्यात आले. प्रयोगकर्त्यांपैकी स्मिथ यांनाच पुढे इन्फ्लुएन्झा झाला आणि त्यांच्या घशातून मिळालेला विषाणू त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. फ्लेचर यांनी दहा वर्षांपूर्वी बाळगलेली अपेक्षा अशा रीतीने फळाला आली. ती पाहून काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. मिल हिलची संस्था २०१५ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत विलीन झाली.

मातेचे दूध आणि लसीची वेळ

उत्तम लस हाती आल्यानंतरही पैदास-वसाहतींतील साथी थांबल्या नाहीत. याचे एक कारण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या चिकातून आईची प्रतिपिंडे मिळतात. ही प्रतिपिंडे रोगापासून रक्षण करतात, तशी लसीलाही निष्प्रभ करतात. सुमारे आठ-साडेआठ दिवसांत ती निम्म्यावर येतात. म्हणून एखाद्या पिल्लाला लस कधी लागू पडेल हे त्याच्या आईच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या पातळीवर अवलंबून असते. जेम्स बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मातेच्या रक्तचाचणीवरून लसीची वेळ सांगणारी आलेखपद्धती प्रसिद्ध केली. पुढे गोवराची लस पिल्लांना टोचण्याचा उपायही निघाला. आईची डिस्टेंपरविरोधी प्रतिपिंडे गोवराच्या विषाणूला तितकीशी अडवीत नाहीत, असे त्यामागील तत्त्व होते. माणसांच्या मुलांची लस कुत्र्याच्या पिल्लांना उपयोगी पडावी, ही त्या कुळसंबंधाची एक विलक्षण साक्ष होय.

१९७८ मध्ये कुत्र्यांतील पार्व्होविषाणू जगभर पसरला, तेव्हा हेच ज्ञान कामी आले, परंतु पुरेसे ठरले नाही. डिस्टेंपरचा विषाणू शरीराबाहेर नाजूक असतो. ऊन, कोरडेपणा व साधी जंतुनाशके यांनी तो नष्ट होतो. पार्व्होविषाणू मात्र जमिनीत व पिंजऱ्यांत कित्येक महिने टिकतो. कुंपण आणि स्नान यांना आता ब्लीचच्या द्रावणाने केलेल्या सफाईची जोड द्यावी लागली.

वायोमिंग आणि गीर

मिल हिलच्या नियमाची उपेक्षा झाल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण कुत्र्यांच्या नव्हे तर फेरेटच्या पैदास-वसाहतीतून मिळते. उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांचा फेरेट नामशेष झाला असे मानले जात असताना, १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मिटीट्सी येथे एका कुत्र्याने मारलेला फेरेट घरी आणला आणि तेथील शेवटच्या समूहाचा शोध लागला. १९८५ मध्ये त्या समूहात डिस्टेंपर शिरला. कृत्रिम पैदाशीसाठी पकडलेल्या पहिल्या सहा फेरेटपैकी दोघांना संसर्ग आधीच झालेला होता. त्यांना एकत्र ठेवले गेले आणि सहाही मेले. जिवंत लसीचा आधारही घेता येण्यासारखा नव्हता. १९७० च्या दशकात या जातीच्या सहा बंदिस्त प्राण्यांना जिवंत लस टोचली असता चार लसीतील विषाणूनेच मेले होते. जो विषाणू कुत्र्यांसाठी सौम्य केलेला होता, तो फेरेटसाठी सौम्य नव्हता. उरलेल्या फेरेटना १९८७ पर्यंत पकडण्यात आले. ते एकूण १८ होते. त्यांना निरनिराळे ठेवण्यात आले आणि देखभाल करणाऱ्यांसाठी स्नान, कपडे बदलणे व मुखपट्टी हे नियम लागू झाले. त्याच वर्षी तेथे पिल्ले जन्मली आणि १९९१ मध्ये या जातीचे प्राणी पुन्हा रानात सोडले गेले.

भारतात या रोगाकडे सर्वसामान्यांचे लक्ष गेले ते २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गुजरातमधील गीर जंगलाच्या दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह मृत्युमुखी पडले तेव्हा. त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला डिस्टेंपरचा विषाणू आढळला. त्याची जनुकीय रचना पूर्व आफ्रिकेतील विषाणूशी जुळणारी होती. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानात १९९४ मध्ये याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले होते आणि तेथील संसर्गाचा संबंध आसपासच्या वस्त्यांतील पाळीव कुत्र्यांशी जोडला गेला होता. गीरमध्ये कुंपण घालणे शक्य नव्हते. जंगलाच्या आत व भोवताली माणसांची, गुरांची आणि कुत्र्यांची वस्ती होती. सिंहांना बेशुद्ध करून बचाव केंद्रांत हलविण्यात आले, बाधित परिसरातील सिंहांना इतरांपासून वेगळे ठेवण्यात आले आणि अमेरिकेतून ३०० मात्रा लस मागविण्यात आली. ही लस मूळची फेरेटसाठी तयार केलेली होती.